हवं तेवढंच ठेवा

१

उत्तनच्या पुढे चौक गावात मायकेलच्या घरचं ऑक्सिजनचं मशीन बिघडलं, तेव्हा त्याच्या मुलीने, व्हेनेसाने, माणसाला सुचतं ते सगळं करून पाहिलं. बटण बंद करून चालू केलं. प्लग बदलला. मशीनच्या पाठीवर दोन चापट्याही मारल्या. मग भाईंदरच्या मेकॅनिकला फोन लावला, तर तो पुरतं ऐकून न घेताच म्हणाला, "मॅडम, वो मॉडेल भंगार में डालो, नया ले लो." नवं घ्यायला ती एका पायावर तयार होती हो! पण दुकानदार म्हणे चार-पाच दिवस लागतील, आणि इथे पप्पांना एक दुपार काढणं कठीण झालं होतं.

मायकेलने उभा जन्म मासेमारीच्या बोटीवर इंजिनापाशी काढलेला. डिझेलचा धूर, त्यावर विड्या. छाती पार कामातून गेलेली. नाकात नळी असली की माणूस खणखणीत. भांडायचा, बोंबलाच्या कालवणात मीठ कमी म्हणून ताट सरकवायचा. नळीतली हवा थांबली की ओठ निळे. दवाखान्याचं नाव काढलं की मात्र एकच पालुपद: "मी न्हाय जायाचा. तुझी आय गेली ती आली काय परत?"

मशीनची तऱ्हा अशी, की बरं चालता चालता ते लांब शिट्टी मारायचं आणि बंद पडायचं. घरातला एक सिलिंडर संपत आलेला. दुसरा भरून आणायला धाकटा भाऊ एल्रॉय सकाळीच भाईंदरला गेला होता. तिथून त्याने फोन केला.

"दीदी, इथे लाइन आहे मोठी. माझा मित्र निकेत सांगतोय, ई-मेलवर एक जुनी चर्चायादी आहे. बंद पडलेल्या मेडिकल मशिनांवर बोलतात लोक. एका मेलमध्ये सगळ्यांना प्रश्न जातो. कोणाला तरी येतंच उत्तर. टाक ना तिथे."

"ई-मेल? आत्ता? इथे पप्पांचा जीव चाललाय आणि मी ई-मेल लिहू?"

"मग काय करतेस दुसरं?"

अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसं झालं. व्हेनेसा पप्पांच्या खाटेजवळ स्टुलावर बसली आणि तिने मोबाइल उघडला.

२

आता ही व्हेनेसा मिरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये एका दाताच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर. दिवसभर व्हॉट्सअ‍ॅप. फोटो टाकला, व्हॉइस नोट टाकली, अंगठा आला, काम झालं. तिला वाटलं, इथेही तसंच असणार. नाव दिलं, सदस्य झाली, आणि लगेच आले नियम. किती? बोट वर सरकवून सरकवून दुखलं, तरी संपेनात.

साधा मजकूर पाठवावा. रंग नकोत, जाड अक्षरं नकोत, फोटो नकोत. विषयाच्या ओळीत 'अर्जंट' लिहू नये, प्रत्येकाला आपलंच अर्जंट वाटतं. एका मेलमध्ये एकच विषय. उत्तर देताना आधीचा मजकूर वर राहू द्यावा आणि आपलं म्हणणं त्याच्या खाली लिहावं. त्या आधीच्या मजकुरातलं हवं तेवढंच ठेवावं, बाकीचं कापावं. आभार मानायला वेगळी मेल पाठवू नये.

"आभार मानायचे नाहीत म्हणे!" व्हेनेसा मोठ्याने म्हणाली. "कसली माणसं आहेत ही!"

"कोन?" पप्पांनी विचारलं.

"कोणी नाही पप्पा. तुम्ही बोलू नका."

तिने मशीनचा फोटो जोडून मेल पाठवली. विषय: अर्जंट हेल्प प्लीज. मिनिटाच्या आत परत आली. खाली नाव होतं, लीलाधर, नियंत्रक. म्हणजे प्रत्येक मेल आधी या बाबाच्या हाताखालून जाणार आणि त्याने हो म्हटलं तरच यादीवर पोहोचणार. 'विषयाच्या ओळीवरून विषय कळत नाही. फोटो काढा. नियम वाचा.'

तिने फोटो काढला, विषय बदलला. परत आली. 'अक्षरं रंगीत आहेत.' अहो, ती मोबाइलने आपोआप केली होती! ते निस्तरलं. पुन्हा परत. 'तुम्ही वर लिहिलं आहे. खाली लिहा.' मशीनने शिट्टी मारली. तिने उठून ते बंद केलं, चालू केलं, पप्पांची पाठ चोळली, परत येऊन बसली. तिच्या डोक्यात अशी तिडीक गेली होती, की हा लीलाधर समोर असता तर त्याला तिने क्लिनिकच्या खुर्चीत बसवून बत्तिशी उपटली असती.

एका हातात पप्पांचा हात होता, म्हणून शेवटी तिने मोबाइलचा माइक चालू केला आणि बोलूनच मजकूर उतरवला. मशीन शिट्टी मारून बंद पडतं, मॉडेल अमुक, काय करावं. बस्स, एवढंच.

३

ही मेल परत आली ती वेगळीच. वर तिचा मजकूर होता, प्रत्येक ओळीच्या आधी बाणासारखी खूण, जुना मजकूर म्हणून. पण पहिली सोडली तर ओळी तिच्या नव्हत्या.

> मशीन शिट्टी मारून बंद पडतं.
> परसात कोंबड्या कलकलाट करतात.
> भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं.
> रुथआंटी खिडकीतून हाका मारते.
> पप्पांना श्वास लागतो.
> मी त्यांच्याजवळ बसले आहे.

आणि खाली: 'प्रश्नाला हवं तेवढंच ठेवा. बाकी कापा. लीलाधर.'

व्हेनेसाने दोनदा वाचलं. कोंबड्यांबद्दल आपण कधी लिहिलं? मग तिला वाटलं, माइक! माइक चालू राहिला असणार. आजकाल मोबाइलला काय ऐकू येत नाही? आपण बिर्याणी म्हणावं आणि दिवसभर बिर्याणीच्या जाहिराती याव्यात. त्याने कोंबड्या ऐकल्या, घड्याळ ऐकलं, आणि काहीबाही लिहून टाकलं.

कोंबडीच्या आवाजाचं असं नीट वाक्य कसं झालं, हा प्रश्न तिला पडला नाही असं नाही. पण हातघाईच्या वेळी माणूस असले प्रश्न बाजूला ठेवतो. परसात कोंबड्या खरोखरच ओरडत होत्या, रुथआंटीच्या, रोजच्यासारख्या. तिने ती ओळ कापली आणि मेल पाठवली.

परसात एकदम शांत झालं.

थांबतात कोंबड्या. मांजर आलं असेल, किंवा आंटीने दाणे टाकले असतील. व्हेनेसा क्षणभर ऐकत राहिली. लांबून रिक्षाचा हॉर्न आला, समुद्राकडून वारा आला. बाकी काही नाही.

४

'अजून लांब आहे. कापा.'

"अरे, सहाच्या पाच ओळी केल्या ना बाबा!" ती मोबाइलवर ओरडली. पाच ओळी कोणाला लांब होतात? आणि कापायला एवढा हपापलेला असशील तर तूच काप की! उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय?

तिने घड्याळाची ओळ कापली. घड्याळाचा आणि ऑक्सिजनचा काय संबंध? पाठवली. मग पप्पांना गोळी देण्याची वेळ झाली का, ते बघायला तिने मान वर केली.

भिंतीवर घड्याळ नव्हतं.

खाली पडलं म्हणावं, तर आवाज नाही, काचा नाहीत. ती उठून भिंतीजवळ गेली. आईच्या लग्नात मिळालेलं घड्याळ ते. इतक्या वर्षांत त्याच्यामागे भिंतीचा रंग वेगळा दिसायला हवा होता, निदान खिळ्याचं भोक तरी. तिने हात फिरवला. भिंत सगळीकडे सारखीच मळलेली होती.

"पप्पा, इथलं घड्याळ कुठे गेलं? एल्रॉयने काढलं का?"

"कंचं घड्याल?" पप्पा डोळे मिटूनच म्हणाले.

ऑक्सिजन कमी पडला की माणूस बरळतो, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. आणि आपणही सकाळपासून चहाशिवाय आहोत. एल्रॉयने गेल्या महिन्यात जळमटं काढली होती, तेव्हाच उतरवलं असेल. हो, तसंच. पण मग मघाशी दहा मिनिटांपूर्वी आपण वेळ कशात पाहिली, हे तिला आठवेना, आणि आठवून घ्यायची छातीही होईना.

५

"गे व्हेनेसा! काय झाला मशीनला? लिंबू फिरव त्याच्यावरून!"

खिडकीतून रुथआंटी. शेजारच्या घराची खिडकी आणि ही खिडकी समोरासमोर, मधे हातभर गल्ली. बाई मनाची लोण्यासारखी, आई गेली तेव्हा महिनाभर हिने जेवण पाठवलं. पण तोंडाला विश्रांती म्हणून नाही. सकाळपासून तिने चारदा हाका मारल्या होत्या आणि चार उपाय सांगितले होते.

"आंटी, थांबा हो जरा! मी मेल लिहितेय."

"मेल काय करतेस? फादरला बोलव, प्रार्थना करतील. माजा ऐक..."

मशीनने पुन्हा शिट्टी मारली. तिकडे पप्पांना खोकल्याची उबळ, इकडे लीलाधरची मेल: 'चार ओळी. विषय एकच असावा.' खिडकीत आंटी चालूच. व्हेनेसाच्या कपाळाची शीर तटतटली. तिने आंटीची ओळ कापून मेल पाठवली, रागात, विचार न करता. कोणीही तेच केलं असतं.

"...माजा ऐक, आमच्या" एवढ्यावर आवाज थांबला.

व्हेनेसाने हळूच मान वळवली. समोरची खिडकी बंद होती. नुसती बंद नाही. दोन फळ्या आडव्या ठोकलेल्या, त्यांचे खिळे गंजलेले, आणि फळ्यांवर धूळ. ती धावत बाहेर गेली. आंटीच्या दाराला कुलूप होतं. उंबऱ्याच्या फटीतून गवत वर आलं होतं. परसात कोंबड्यांचं खुराडं नव्हतं, तिथे कोणाचं तरी जुनं जाळं पडलं होतं.

बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या बाजूने एक ओळखीची कोळीण येत होती. व्हेनेसाने तिला थांबवलं. "शेवंती, रुथआंटी कुठे गेली गं?"

"कोन रुथ?" शेवंती हसली. "या घरात कोन राहतो कधी? तुजी तब्येत बरी हाय ना?"

६

ती येऊन स्टुलावर बसली आणि तिने लिहिलं, खाली, साध्या अक्षरांत, अगदी नियमाने: 'मी मघाशी तीन ओळी चुकून कापल्या. त्या परत घाला. हात जोडते.'

उत्तर आलं. 'कापलेला मजकूर परत घालण्याची सोय यादीत नाही. विषय सोडून लिहू नये.'

'ती माणूस होती!' तिने लिहिलं.

'विषय सोडून लिहू नये.'

बघा आता. याला काय म्हणावं? एखाद्या भिंतीशी भांडलं तर निदान भिंतीला उलट बोलता येत नाही. व्हेनेसाला रडू येत होतं, आणि रडण्यापेक्षा जास्त संताप. तिने मोबाइल खाटेवर आपटला. नको यादी, नको उत्तर. तिने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी निघाली आहे, पण रस्ता खणलाय, वेळ लागेल. एल्रॉयला लावला.

"भरला सिलिंडर, दीदी, निघालो. पण जाम आहे गं भयानक. रिक्षा हलत नाही."

"एल्रॉय, रुथआंटी आठवते तुला?"

"कोण? आवाज तुटतोय तुझा. पप्पा कसे आहेत?"

पप्पा कसे आहेत, हे तिने तेव्हा पाहिलं. घरातल्या सिलिंडरचा काटा तळाला टेकला होता. मशीनने शिट्टी मारली, आणि या वेळी बटण दाबूनही ते चालू झालं नाही. पप्पा उठून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे कानांपर्यंत वर. ओठ जांभळे. ते तिच्याकडे बघत होते. आयुष्यात कोणाला न घाबरलेला माणूस, वादळात इंजिन बंद पडलं तेव्हा शिव्या देत ते दुरुस्त करणारा. आता नुसता डोळ्यांनी विचारत होता.

खाटेवर मोबाइल उजळला.

७

> मशीन शिट्टी मारून बंद पडतं.
> पप्पांना श्वास लागतो.
> मी त्यांच्याजवळ बसले आहे.

'तिसरी ओळ जास्त होते. एक कापली की मेल यादीवर जाईल. उत्तर माहीत असलेले सदस्य वाट पाहत आहेत. लीलाधर.'

व्हेनेसा स्वतःशी म्हणाली, हा सगळा मूर्खपणा आहे. ओळ कापल्याने माणूस जातो का कुठे? आंटी तिच्या लेकीकडे वसईला गेली असेल. शेवंती थट्टा करत असेल. गवत काय, कुठेही उगवतं. मी थकले आहे, मला चहा हवाय. हे सगळं ती म्हणाली, आणि बोट मात्र काचेपासून वीतभर लांबच राहिलं.

मशीनची ओळ कापली तर प्रश्नच उरत नाही. आणि मशीनही. दुसरी ओळ... तिच्याकडे तिने नीट पाहिलंसुद्धा नाही. नजर त्या ओळीवर टेकली तरी आपण काहीतरी करून बसू, अशी तिला भीती वाटली.

"व्हेने..." पप्पा म्हणाले. पुढचं नाव त्यांना पुरं करता आलं नाही.

"आहे मी, पप्पा. इथेच आहे." तिने त्यांचा हात दाबला. हात गार पडत चालला होता. मग तिने तो सोडला, कारण कापायला दोन्ही हात लागत होते, आणि तिसरी ओळ कापून टाकली.

उत्तरं धडाधड आली. तीच माणसं, मघापासून गप्प बसलेली, आता एकमेकांच्या पुढे धावत होती. 'मागचं झाकण उघडा.' 'डावीकडची जाड नळी जोडातून निसटली असेल.' 'दाबून बसवा, वरचा पट्टा आवळा.' प्रत्येक उत्तराच्या वर दोनच ओळी होत्या.

तिने स्वयंपाकघरातून सुरी आणली. तिच्या टोकाने स्क्रू फिरवले. झाकण निघालं. नळी खरंच लोंबत होती, एवढीशी, करंगळीएवढी! एवढ्यासाठी! तिने ती दाबून बसवली, पट्टा आवळला, बटण दाबलं.

मशीन घुरघुरलं. मग नेहमीचा आवाज लागला, फुस्स, थांबून पुन्हा फुस्स. व्हेनेसाने नळी पप्पांच्या नाकाशी लावली आणि त्यांच्या ओठांकडे बघत उभी राहिली. जांभळा रंग हळूहळू उतरला. खांदे खाली आले. पप्पांनी एक लांब श्वास घेतला, पोटापर्यंत.

"येशू रे," ती म्हणाली आणि हुंदके देऊन रडायला लागली. इतका आनंद तिला कधी झाला नव्हता.

पप्पांनी तिच्याकडे मान वळवली नाही. ते मशीनकडे बघत होते, उघड्या झाकणाकडे, जमिनीवरच्या सुरीकडे. त्यांच्या चेहऱ्यावर आराम होता, आणि थोडी भीती.

८

एल्रॉय सिलिंडर खांद्यावर घेऊन धापा टाकत आत आला.

"पप्पा! मशीन चालू झालं? कोणी केलं?"

"आपनच झाला," पप्पा म्हणाले. आवाज खणखणीत नव्हता, पण होता. "बंद परला तवा मी म्हटला, गेलो आता. मग झाकन आपनच निघाला. मी बगत व्हतो."

"झाकण आपोआप कसं निघेल? कोणी आलं होतं का घरात?"

"कोन येनार रं? तू आनि मी."

"एल्रॉय!" व्हेनेसा ओरडली. ती दोघांच्या मधे उभी होती. "वेड लागलंय का तुम्हाला? पप्पा, इकडे बघा ना!"

एल्रॉय तिच्या बाजूने गेला, तिच्या अंगावरून गेला म्हणा, आणि त्याने सिलिंडर कोपऱ्यात ठेवला. मग खाटेवरचा मोबाइल त्याला दिसला. त्याने तो उचलून मागेपुढे पाहिला.

"हा कोणाचा?"

"म्हाईत न्हाय. कोन तरी इसरला असल."

एल्रॉयने तो बंद करून फळीवर ठेवला आणि चहा टाकायला आत गेला. दोनच कपांचा आवाज आला.

व्हेनेसा स्टुलावर बसली. तिला खूप काही म्हणायचं होतं, पण म्हणायचं कोणाला? तिने पप्पांचा हात दोन्ही हातांत घेतला, मघासारखाच. तो आता उबदार होता. नाडी नीट चालली होती. त्यांच्या छातीचं वरखाली होणं ती बघत राहिली, आणि प्रत्येक श्वासाला तिचा जीव भांड्यात पडत होता.

पप्पांच्या अंगावर शहारा आला. त्यांनी हात ओढून चादरीत घेतला.

"एल्रॉय," त्यांनी हाक मारली, "खिरकी लाव रं. या बाजूनं गार लागतंय."

एल्रॉय बाहेर आला आणि त्याने खिडकी लावली. व्हेनेसाने आपले हात मांडीवर घेतले. पप्पांना गारवा मुळीच सोसत नसे, म्हणून ती स्टुलावरून उठली आणि जरा लांब जाऊन उभी राहिली.